हात न लावलेला पियानो

आमच्या घरातला पियानो अक्काने बिघडवला नव्हता. हे एवढं वाक्य लिहायला मला एकोणसाठ वर्षं लागली. (मी सावकाश लिहितो हे खरं, पण इतकंही नाही.)

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आज अठ्ठ्याहत्तरची. लग्न होऊन मोडनिंबला गेली ती तिथलीच झाली. आमच्या नात्यात कुठंही काही मोडलं, कपाचा कान तुटला, मिक्सर जळाला, की कुणीतरी म्हणतंच, "अक्का आल्या होत्या काय?" सगळे हसतात. अक्काही हसते. मागे तिच्या नातीने हार्मोनियम आणली आणि "आजी, एक सूर दाब की" म्हणून तिला शेजारी बसवलं, तर अक्काने दोन्ही हात पदराखाली घेतले. म्हणाली, "नगं बाई. माज्या हाताला वाद्य सोसत न्हाय." मी समोरच बसून शिरा खात होतो. तो संपवला आणि आणखी मागून घेतला. गुन्हेगाराला भूक लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला जेवताना पाहिलेलं नाही.

आता मुळापासून सांगतो.

आमचे आप्पा सोलापुरातल्या एका गिरणीत हेडक्लार्क होते. गिरणीतला गोरा साहेब देश सोडून निघाला तेव्हा त्याने घरातलं सामान विकायला काढलं. आप्पा तिथं खुर्ची बघायला गेले आणि पियानो घेऊन आले. आठ हमाल, दोन बैलगाड्या. अव्वा, म्हणजे आमची आई, दारात उभी होती. तिनं सगळी वरात आत जाऊ दिली आणि मग विचारलं, "खुर्ची कुठाय?"

हा पियानो आपोआप वाजायचा. बटण दाबलं की आतली मोटर हवा ओढायची, भोकं पाडलेला कागदाचा गुंडाळा वरून खाली सरकायचा, आणि पट्ट्या आपल्या आपण खाली-वर व्हायच्या. तसे पियानो आणखीही असतात म्हणे, पण आमचा त्यातला वरच्या जातीचा. गुंडाळा तयार करताना विलायतेत जो कुणी वाजवायला बसला होता, त्याने कुठं हलका हात ठेवला, कुठं जोर दिला, तेसुद्धा हा हुबेहूब करून दाखवायचा. नवे पाहुणे पियानोच्या मागं जाऊन माणूस शोधायचे. एक मावशी तर त्या न दिसणाऱ्या माणसाला चहा विचारून आल्या. खंडेनवमीला गिरणीत माग पुजायचे, तेव्हा आमच्याकडे अव्वा पियानोला विभूतीचे तीन पट्टे ओढून झेंडूचा हार घालायची. तिचं म्हणणं, जो दिसत नाही आणि तरी काम करतो, त्याला नमस्कार केलेला बरा.

दर रविवारी सकाळी आप्पा एक गुंडाळा लावायचे. अक्का शेजारी उभी राहून, पट्टी खाली गेली रे गेली की तिच्यावर आपलं बोट ठेवायची. असं करत करत दोन चाली तिच्या बोटांत बसल्या. मशीन बंद असलं तरी ती त्या वाजवू लागली. आप्पा खूश झाले आणि त्यांनी तिला हार्मोनियमचा क्लास लावला. त्या काळी मुलीला क्लास लावणं म्हणजे शेजाऱ्यांनी आठ दिवस बोलावं अशी गोष्ट होती.

मी तेव्हा सतरा वर्षांचा. मॅट्रिक होऊन चादरीच्या कारखान्यात जकार्डची कार्डं पंच करायला शिकत होतो. सोलापूरच्या चादरीवर जी फुलं असतात ती आधी पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकांनी काढावी लागतात. जिथं भोक तिथं धागा उचलला जातो. आमच्या वस्तादांचा नियम एकच. भोक नक्षीत हवं. नक्षीच्या बाहेर, कडेला कुठं भोक दिसलं तर ती चूक, ताबडतोब बुजवायची. शिकून मला चार महिने झाले होते. म्हणजे त्या धंद्यातलं सगळं कळलेलं होतं.

अशात आप्पा एका लग्नासाठी पंधरा दिवस गुलबर्ग्याला गेले. मी सहज एक गुंडाळा उलगडून पाहिला आणि हादरलो. मधली नक्षी ठीक होती, पण दोन्ही कडांना नुसती भोकंच भोकं. कसला मेळ नाही, कसली रांग नाही. डावीकडं वेगळी, उजवीकडं वेगळी. इतका महाग माल आणि किनार अशी! विलायतेतल्या पंचिंगवाल्याची मला कीव आली. आप्पा परत येईपर्यंत आपण हे सुधारून ठेवायचं, असं मी ठरवलं. कारखान्यातून सुताला लावायची खळ आणली, बाजारातून पतंगाचा कागद आणला (पांढरा संपला होता, गुलाबी मिळाला) आणि बाराच्या बारा गुंडाळ्यांच्या दोन्ही कडांना लांब पट्ट्या चिकटवल्या. काम इतकं साफ झालं की वस्तादांना नेऊन दाखवावं असं वाटत होतं.

आप्पा आले. रविवार उजाडला. बटण दाबलं.

पियानो वाजला. सगळे सूर जागच्या जागी होते. फक्त हळू नाही, जोरात नाही, सगळं एका मापात. पिठाची गिरणी चालावी तसा तो वाजत राहिला. कडेची ती भोकंच हात हलका की जड ते सांगत होती, हे कळायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. आप्पांनी दुसरा गुंडाळा लावला, तिसरा लावला. गुलाबी किनार त्यांना दिसली, पण ती अव्वाची पूजेची सजावट असं ते समजले. मग बटण बंद केलं आणि म्हणाले, "यातला माणूस गेला."

जेवताना त्यांनी विचारलं, "मी नसताना कुणी हात लावला होता?"

अक्का खरं बोलणारी. "मी रोज वाजवत होते," म्हणाली.

आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हा बघ. घरात असून कधी त्याला शिवत नाही. ह्याला म्हणतात शहाणपण." आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी बोलणार होतो. पण तोंडात घास होता.

दुसऱ्या दिवशी पियानोला कुलूप लागलं आणि अक्काचा क्लास सुटला. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. मी मात्र पंचिंगमध्ये पुढं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मास्तर म्हणून नाव काढलं.

एवढं सगळं मनात दाबून मी शहात्तर वर्षांचा झालो. पियानोवर गाद्यांची चवड चढली होती. यंदा गुडघ्यांमुळं आम्ही सात रस्त्याजवळ लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये जायचं ठरवलं आणि आमच्या सौभाग्यवती महानंदाबाईंनी निकाल दिला, "एक तर तो येईल, नाही तर मी." मी विचार करायला थोडा वेळ घेतला, तो तिला आवडला नाही.

माझ्या पुण्याच्या नातीने इंटरनेटवर फोटो टाकले. खाली लिहिलं, "शंभर वर्षांचा आपोआप वाजणारा पियानो. दुरुस्ती नाही, डागडुजी नाही, कुणी हात लावलेला नाही." ते शेवटचं तिला मीच सांगितलं होतं. एका मंगल कार्यालयाच्या मालकाचा फोन आला, त्याला आतलं सगळं काढून त्यात बुफे मांडायचा होता. मग पुण्याहून नंदिनी नावाच्या बाईंचा आला. त्या जुनी यांत्रिक वाद्यं दुरुस्त करतात.

"काका, आत कुणी कधी उघडलंय?"

"छे."

"रोल आहेत?"

"बारा."

"कडेची भोकं शाबूत आहेत ना? त्यातच त्याचा जीव असतो."

"शाबूत म्हणजे अगदी," मी म्हणालो. (खरंच होतं. पट्टीखाली शाबूतच होती.)

"मग गुरुवारी येते. रोल तपासायचं यंत्र आणते."

फोन ठेवतोय तोवर महानंदा म्हणाली, "गुरुवारी अक्कांनाही बोलावलंय. जाताना एकदा डोळ्यांनी बघू दे की त्यांना."

मला चार दिवस मिळाले. पहिल्या दिवशी एक गुंडाळा ओल्या फडक्यानं पुसला. साठ वर्षांपूर्वीची सोलापूरची खळ ती. ढिम्म हलली नाही. मग इडलीच्या भांड्यात पाणी उकळून तो वाफेवर धरला. पट्टी सुटली. तिच्यासोबत कागदही सुटला. महानंदा गच्चीवर आली तेव्हा तीस फूट कागद दोरीवर वाळत होता.

"अय्यो शिवने, कसले पापड हे?"

"हवा देतोय. जुना कागद आहे."

"त्याचे तुकडे कसे झाले?"

"जास्त हवा लागली."

उरलेले अकरा गुंडाळे पिशवीत घालून मी दुसऱ्या दिवशी एमआयडीसीत नरसय्याकडं गेलो. नरसय्या माझ्या हाताखाली तयार झालेला. पंचिंगमध्ये त्याच्याइतका साफ हात सोलापुरात नाही. "हे बघ," मी त्याला सांगितलं, "ह्या गुलाबी पट्टीखाली भोकं दिसतात. त्याच्यावरच पंच मारून ती मोकळी करायची. दुसरं काही नाही."

"मास्तर, तुमी निवांत घरी जावा. उद्या संध्याकाळी न्या."

दुसऱ्या दिवशी तो खुशीत होता. "लई घाण पंचिंग व्हतं, मास्तर. डावीकडं भोकं जास्त, उजवीकडं कमी. कुनी केलं व्हतं? मी दोन्ही किनारी सारख्या करून टाकल्या."

"सारख्या म्हणजे?"

"म्हंजे उजवीकडची भोकं डावीकडं बी पाडली, डावीकडची उजवीकडं. आता कुटनं बी बघा, फरक न्हाय. घेनारा मानूस आदी किनार बघतो, तुमीच शिकवलंय की."

मीच शिकवलं होतं. अकरा गुंडाळे उचलले आणि रिक्षानं घरी आलो.

गुरुवारी अक्का सकाळच्या एसटीनं आली. सोबत डाळिंबं. ती पियानोसमोर खुर्ची ओढून बसली, पण हात मांडीवर घट्ट धरून. तासाभरात नंदिनीबाई आल्या. तिशीतली मुलगी, पाठीवर पिशवी, हातात बॅटरी. त्यांनी पियानोवर किती पुटं आहेत ते पाहिलं.

"हे पांढरं काय आहे, काका?"

"विभूती. दरवर्षीची."

"ओरिजिनलच म्हणायचं," त्या म्हणाल्या आणि पहिला गुंडाळा हातात घेतला. "ह्या गुलाबी पट्ट्या?"

"कंपनीच्याच," मी म्हणालो. "तेव्हा विलायतेत गुलाबी वापरायचे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि गुंडाळा आपल्या तपासायच्या यंत्राला लावला. कागद त्या यंत्रातून सरकला की लॅपटॉप भोकं वाचायचा आणि तसे सूर वाजवून दाखवायचा. नेमका निघाला तो अक्काला येणाऱ्या दोन चालींपैकी एकीचा, पाळणा हलवावा तशा संथ चालीचा गुंडाळा. अक्का पुढं सरकली.

पहिले चार सूर ऐकू येतील न येतील इतके हळू. पाचवा सूर लॅपटॉपमधून असा फुटला की महानंदाच्या हातून बशी सुटली. मग पुन्हा कुजबुज. मग लागोपाठ सहा धडाके. पाळण्यातलं मूल झोपायचं सोडा, मोठं होऊन घर सोडून गेलं असतं. खाली थांबलेल्या रिक्षावाल्यानं हाक मारली, "काका, वर समदं ठीक हाय ना?" माझ्या नरसय्यानं पाडलेल्या प्रत्येक भोकाला न्याय मिळत होता.

नंदिनीबाईंनी बंद केलं. "ह्या रोलमध्ये कुणीतरी हात घातलाय. नवी भोकं आहेत. काका, तुम्ही तर म्हणालात कुणीच..."

"बाई, त्याला काय म्हनू नका." अक्का उठून उभी राहिली. "ह्यो पियानो म्या बिगडवला. एकोनीस वर्साची व्हते. आप्पा नसताना रोज वाजवत बसायची, त्यात कायतरी तुटलं. तुमी वाईच कमी पैशाला घ्या, पन न्या. दुरुस्त व्हईल न्हवं? एकदा नीट वाजला म्हंजे माज्या डोस्क्यावरचं उतरंल."

माझ्या तोंडात या वेळी घास नव्हता.

"अक्का, तू नाही बिघडवलास."

"गप रे."

"मी बिघडवला. ह्या पट्ट्या मी लावल्या. आप्पा गुलबर्ग्याला गेले होते तेव्हा. मला वाटलं किनार खराब आहे."

महानंदा बशीचे तुकडे गोळा करता करता थांबली. अक्का माझ्याकडं बघत राहिली.

"आप्पानं इचारलं, तवा तू कुटं व्हतास?"

"तिथंच. तुझ्या शेजारी जेवत होतो."

"मग बोलला का न्हाईस?"

"आप्पांनी भाकरी वाढली."

"कितवी?"

"तिसरी."

अक्का खाली बसली. रडेल असं मला वाटलं. रडली नाही. तिनं नंदिनीबाईंना विचारलं, "आतलं उगडून बगा बरं. माज्या हातानं काय मोडलंय का?"

मी आप्पांचं कुलूप काढून दिलं. नंदिनीबाईंनी खालची फळी काढली, वरची काढली, बॅटरी फिरवली. अर्धा तास गेला. आत रबरी कापड वयानं कडक झालेलं, तारा गंजलेल्या, पालीची अंडी. "आजी, तुटलेलं काहीच नाही. नुसतं म्हातारपण आहे. कुलूप होतं म्हणून आतलं कुणी उचकलं नाही, इतका चांगला मी आजवर पाहिला नव्हता. मी घेते. ह्या गाण्यांचे दुसरे रोल मिळतात." मग माझ्याकडं वळून, "हे अकराही द्या. वाजवायला नको, माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर लावते. मुलांना दाखवायला."

तेवढ्यात अक्कानं पदर खोचला आणि पट्ट्यांवर हात ठेवले. निम्म्या पट्ट्या मुक्या. सुरापेक्षा लाकडाची टकटकच जास्त. पण चाल ओळखू येत होती. दोनदा अडली, दोनदा मागं जाऊन पुन्हा आली, आणि शेवटापर्यंत गेली.

"येतंय की," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, "फोन काढ. समद्यास्नी सांग."

"आज?"

"आत्ता. माज्या म्होरं."

शिक्षा वाजवी होती. मी पहिला फोन अक्कलकोटच्या चुलतभावाला केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, या वयात बहिणीचा दोष स्वतःवर घेताय. मन मोठं आहे तुमचं."

"अरे, मी खरंच..."

"बोलू नका, दादा. कळलं आम्हाला."

दुसरा फोन, तिसरा, आठवा. सगळीकडं तेच. भाचा म्हणाला, "मामा, अक्कामावशीला बरं वाटावं म्हणून ना?" नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी कबुली टाकली, तर खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि कुणीतरी लिहिलं, "असा भाऊ प्रत्येकीला मिळो." शेवटी साक्षीदार म्हणून नरसय्याला बोलायला लावलं. त्यानं सांगितलं, "मास्तर देवमानूस. बहिनीच्या पियानोसाठी गुडघे दुकत असताना एमआयडीसीत आले वो." संपलंच.

अक्का आता मोडनिंबला नातीची हार्मोनियम वाजवते. नात मला फोन करून विचारते, "आजोबा, तिला थांबवायचं कसं?" अक्काला कळलं, तिला पटलं, तेवढं झालं. बाकीच्यांचं मात्र जमेना.

गेल्या महिन्यात आमच्या समाजाच्या ज्येष्ठ मंडळानं कार्यक्रम ठेवला. आदर्श बंधू म्हणून माझा सत्कार. मी नको म्हणालो, त्यानं माझा विनय सिद्ध झाला. अक्का पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेली. शाल झाली, नारळ झाला, दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माईक हातात घेतला आणि स्पष्ट आवाजात म्हणालो, "पियानो मी बिघडवला. अक्कानं नाही. एकोणसाठ वर्षं मी खोटं बोललो."

टाळ्या थांबेचनात. काही बायका डोळे पुसत होत्या. अक्का तेवढी हाताची घडी न सोडता माझ्याकडं बघत होती. शेवटी मी हात जोडून खाली बसलो. त्याचा फोटो पेपरात आला आहे. त्यात मी फार प्रामाणिक दिसतो.